किलोचा भाव, नगाचा भाव

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादे जुने सीएनसी मशीन मोडीत निघते, तेव्हा शेजारी उभे राहून पाहावे. आधी पत्रे सुटतात. मग बेड, हेडस्टॉक, सॅडल असे बिडाचे जड भाग वेगळे होऊन फाउंड्रीच्या वाटेला लागतात. मोटरी फोडून तांबे काढतात. बॉल स्क्रू आणि गाइड लोखंडाच्या ढिगात जातात. शेवटी राहते मागचे कंट्रोल पॅनल. त्याचे दार उघडून माणूस आत हात घालतो, वायरींचा झुबका उपटतो आणि ड्राइव्ह, कार्डे, कॉन्टॅक्टर, रिले, पॉवर सप्लाय असे सगळे एका गोणीत कोंबतो. गोणी काट्यावर चढते आणि मिक्स मालाचा जो दर असेल तो सगळ्यालाच लागतो.

त्याच दिवशी कोइमतूर, राजकोट किंवा पोलंडमधल्या एखाद्या कारखान्यात असेच एक मशीन त्या गोणीतल्या एका कार्डापायी बंद पडलेले असते. बनवणाऱ्या कंपनीने ते कार्ड कधीच थांबवले आहे. नवे कंट्रोल बसवायचे तर खर्च लाखांत आणि काम काही आठवडे ठप्प. त्या मालकाला तेच कार्ड हवे आहे, आणि त्याला द्यायचा भाव तो किलोत मोजत नाही. तो नगाचा भाव देईल. अंबडमधल्या काट्याचा भाव आणि हा नगाचा भाव यांत कधी दहापट, कधी शंभरपट अंतर पडते. ते अंतर कशाने पडते, ते कसे गाठायचे आणि कुठे गाठू नये, हे या प्रकरणात पाहू.

अंबडचे उदाहरण मुद्दाम घेतले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. सातपूर आणि अंबड या त्याच्या नाशकातल्या दोन शेजारी वसाहती. सातपूरला बॉश आणि महिंद्र, अंबडला क्रॉम्प्टनचा म्हणजे आताच्या सीजीचा स्विचगिअर कारखाना, आणि या मोठ्यांच्या आधाराने वाढलेली छोट्या शेडची दाट वस्ती: कुणी टर्निंग करणारा, कुणी पॅनल बांधणारा, कुणी डाय बनवणारा. कारखाने चालतात तिथे मशीनही म्हातारी होतात. त्या मालासाठी अंबड-सातपूर लिंक रोडवर भंगार बाजार उभा राहिला. तो अनधिकृत होता, त्याच्याविरुद्ध तक्रारी होत्या, प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो हटवला, तो पुन्हा उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा कारवाई झाली. अतिक्रमण हटायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या पत्र्याच्या गाळ्यांमध्ये बेअरिंग नुसते फिरवून त्याचे आयुष्य सांगणारी, मोटरीच्या वासावरून वाइंडिंग जळले की नाही हे ओळखणारी माणसे होती. त्यांचे ज्ञान नोंदवून ठेवण्याचा कुणी प्रयत्न केला नाही. जुन्या भागांच्या धंद्यातले खरे भांडवल तेच आहे.

नगाचा भाव देणारा गाठण्याची एक वाट म्हणजे लिलाव. आता त्याकडे वळू. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला कांद्याचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला लिलाव वेगळा शिकवावा लागत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, ओंजळभर कांदा उचलून दाबून पाहतो आणि बोली चढत जाते. त्याआधीच्या काळात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरायचा आणि शेजारी उभ्या शेतकऱ्याला तो कळायचाही नाही. उघड लिलावाने शेतकऱ्याला तीन गोष्टी दिल्या. माल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, घेणारे अनेक, आणि बोली सगळ्यांच्या कानावर. ऑनलाइन लिलावात दुसरी आणि तिसरी गोष्ट विनासायास मिळते. जगभरातले घेणारे येऊ शकतात, बोली पडद्यावर दिसते. पहिली मात्र हरवते. कांदा हातात घेऊन दाबता येत नाही. ऑनलाइन विकणाऱ्याची निम्मी मेहनत ही हरवलेली ओंजळ घेणाऱ्याच्या हाती परत देण्यात जाते.

अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये पियरे ओमिद्यार याने जी साइट सुरू केली, तिचे पुढे ईबे झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होता. किंमत आली १४.८३ डॉलर. जुन्या भागांच्या व्यवहाराला यापेक्षा योग्य मुहूर्त शोधून सापडला नसता. भारतात २००० साली मुंबईहून बाझी डॉट कॉम सुरू झाले, २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले, २०१७ मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती देशी साइट बंद झाली. आज अंबडमधला माणूस ईबेवर विकतो तो परदेशी गिऱ्हाइकाला. देशातल्या देशात जुने भाग इंडियामार्ट, ओएलएक्स आणि मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच फिरतात, आणि तिथे लिलाव नसतो, घासाघीस असते.

ईबेवरची बोली कांद्याच्या बोलीसारखी दिसते, पण आतून वेगळी चालते. घेणारा आपला कमाल आकडा गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा एकाने ९,००० रुपयांपर्यंत तयारी ठेवली आणि दुसऱ्याने ६,००० पर्यंत. माल पहिल्याला मिळतो, पण ६,००० आणि वर एक पायरी एवढ्यालाच. म्हणजे किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने अशा दुसऱ्या किमतीच्या लिलावाचे गणित १९६१ मध्ये मांडले. टपाल तिकिटांचे व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून टपालाने येणाऱ्या बोलींसाठी हीच रीत वापरत होते. विल्यम विक्रीला १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांत तो वारला.

या गणिताचा अंबडसाठी अर्थ सरळ आहे. लिलाव ज्या आठवड्यात चालतो, त्याच आठवड्यात तुमच्या कार्डाला गरजवंत दोन हवेत. एकच असेल तर कितीही मौल्यवान कार्ड तुम्ही लावलेल्या सुरुवातीच्या किमतीला जाते. जुन्या फानुक कंट्रोलच्या एखाद्या कार्डाला जगात वर्षभरात पाच-सहाच गिऱ्हाइके असतील, तर ती सगळी एकाच आठवड्यात कशी येतील? असा माल 'एक रुपयापासून बोली' म्हणून लावणारे मी पाहिले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटते. दुर्मीळ भागाला ठरलेली किंमत लावावी, खाली 'योग्य भाव सांगा' असा पर्याय ठेवावा आणि थांबावे. लिलावाला लावायचा तो रोज खपणारा माल: चालू मॉडेलचा पीएलसी, नामांकित कंपनीचा सर्व्हो ड्राइव्ह, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरचे संच. ज्याची किंमत तुम्हालाच ठाऊक नाही, पण ज्याला गिऱ्हाइके बरीच आहेत हे ठाऊक आहे, असा मालही लिलावाला लावावा. तिथे बाजारच तुम्हाला किंमत शिकवतो.

भारतात मोठे ऑनलाइन लिलाव चालतात ते ठोक मालाचे, आणि तिथे अंबडचा माणूस विकणारा नसून घेणारा असतो. १९६४ साली कोलकात्यात स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी. तिच्या नावातच मुळात धातूच्या भंगाराचा व्यापार होता. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांचा निकामी माल तिच्या पोर्टलवर ई-लिलावाने विकला जातो. रेल्वेचे स्वतंत्र पोर्टल आहे. स्टील अथॉरिटी आणि टाटा स्टील यांनी २००१ मध्ये मिळून एमजंक्शन उभे केले. अनामत भरायची, कॅटलॉग वाचायचा, ठरलेल्या दिवशी जाऊन लॉट पाहायचा, मग बोली लावायची. आणि एक वाक्य कधीही विसरायचे नाही: माल 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर मिळतो. उचलल्यानंतर तक्रार चालत नाही, आणि मुदतीत उचलला नाही तर जागाभाडे लागते.

या लिलावांत पैसे बुडतात त्याचे एक जुने कारण आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी ते लिहून ठेवले. समुद्रातल्या तेलक्षेत्राचा अंदाज प्रत्येक कंपनी वेगळा करते, आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकून वर गेला तोच बोली जिंकतो. पाच टनांच्या मिक्स लॉटमध्ये तांबे किती, याचाही प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. म्हणून पाहणीच्या दिवशी लोहचुंबक, टॉर्च आणि वही घेऊन जावे. ज्यांची नेमप्लेट वाचता येते असे भाग नगाने मोजावेत, उरलेल्याची किंमत किलोनेच धरावी, आणि झाकलेल्या ढिगाखाली काही चांगले असेल या आशेला शून्य भाव द्यावा. शेवटच्या मिनिटाला बोली आली की अशा लिलावांची वेळ आपोआप वाढते. ईबेवर ती वाढत नाही. म्हणूनच तिथे शेवटच्या सेकंदात झडप घालणारे पुष्कळ असतात, आणि आल्विन रॉथ व अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये हा फरक आकडेवारीने दाखवला. वेळ वाढत असेल तिथे आपला कमाल आकडा घरून लिहून न्यावा. वाढत जाणाऱ्या घड्याळासमोर बसून तो ठरवू नये.

आता हरवलेल्या ओंजळीचा प्रश्न. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ याने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिले. घेणाऱ्याला चांगली आणि खराब गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो प्रत्येक गाडीला मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे खराब गाड्याच उरतात. जुन्या पार्टच्या धंद्यात हे रोज घडते. पॉलिश केलेले वापरलेले बेअरिंग नव्या खोक्यात घालून विकणाऱ्या एका माणसामुळे प्रामाणिक दहा जणांचा भाव पडतो. यावर उपाय म्हणजे माहिती आणि नाव. पॉल रेस्निक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच प्रकारची जुनी पोस्टकार्डे ईबेवर दोन तऱ्हांनी विकली, एकदा जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरून आणि एकदा नव्या खात्यांवरून. नाव असलेल्याला सरासरी ८.१ टक्के भाव जास्त मिळाला. ग्रेगरी लुइस याने ईबेवरच्या जुन्या गाड्यांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. त्यात जास्त फोटो आणि जास्त तपशील देणाऱ्याला जास्त भाव मिळाल्याचे दिसले.

अंबडच्या मालात तपशील म्हणजे सगळ्यात आधी पार्ट नंबर. फानुकचे सर्व्हो मोटर आणि ॲम्प्लिफायर ए०६बी ने सुरू होतात, कार्डे ए१६बी किंवा ए२०बी ने. पण घेणारा शोधतो तो पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट. एखादे अक्षर चुकले तर कार्ड बसते पण चालत नाही, आणि पार्सल परत येते. म्हणून नंबर हाताने टाइप करण्याबरोबर नेमप्लेटचा फोटो द्यावाच. सीमेन्सच्या नव्या पिढीतल्या एस७-३०० सीपीयूमध्ये मायक्रो मेमरी कार्ड नसेल तर तो प्रोग्रॅम चालवत नाही. ते कार्ड महाग आहे आणि पॅनल उपटताना बहुधा कुणाच्या तरी खिशात जाते. सीपीयूसोबत ते आहे की नाही, हे एका ओळीत लिहिले तर भाव पडत नाही, उलट विचारणारे वाढतात.

'चालू' हा शब्द फार जपून वापरावा. मला एकदा 'चालू' म्हणून विकलेला ड्राइव्ह मिळाला. वीज दिली, हिरवा दिवा लागला, मोटर जोडताच ट्रिप. विकणारा खोटे बोलला नव्हता, त्याने दिवा पाहिला होता. तेव्हापासून मी चार शब्द वेगळे ठेवतो: न तपासलेला, वीज देऊन पाहिलेला, मशीनवर लावून पाहिलेला, भार टाकून चालवलेला. प्रत्येक शब्दाचा भाव वेगळा आहे आणि प्रत्येकाला घेणारा आहे. न तपासलेले कार्डही रिपेअर करणारे घेतात, त्यांना नुसते सुटे भाग हवे असतात. तपासतानाही एक धोका आहे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या ड्राइव्हला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कमकुवत झालेले असतात आणि फुटू शकतात. व्हेरिॲकने व्होल्टेज हळूहळू चढवत न्यावे. वरून फुगलेला कपॅसिटर दिसला तर वीज देऊच नये, फोटो काढावा.

आता पैशांचा हिशेब, कारण बहुतेक जण इथेच फसतात. समजा एक कार्ड ६,००० रुपयांना विकले. कमिशन दहा टक्के धरले तर ६०० गेले. पॅकिंग आणि कुरिअर ४५०. काढणे, पुसणे, तपासणे, फोटो, प्रश्नांना उत्तरे, पार्सल बांधणे यात तीन तास गेले. तासाला २५० धरले तर ७५०. दहात एक नग परत येईल असे मानून ६०० बाजूला ठेवले. हातात ३,६०० राहिले, त्यातून खरेदी वजा. हे परवडते. आता ४०० रुपयांचा एक कॉन्टॅक्टर घ्या. कमिशन ४०, कुरिअर १२०, पॅकिंग ४०, आणि एक तासाचे २५०. बेरीज ४५०. म्हणजे विकून ५० रुपये घालवले, खरेदीची किंमत वेगळीच. तेच दहा कॉन्टॅक्टर एका लॉटमध्ये ३,००० ला दिले तर कमिशन ३००, पार्सल ३५०, पॅकिंग १००, दीड तासाचे ३७५ जाऊन १,८७५ राहतात. स्वतःचा वेळ फुकट धरणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही. ज्या मालाला नगाचा भाव मिळत नाही आणि लॉटही बनत नाही, त्याला किलोनेच जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही. तांबे वितळून पुन्हा तांबेच होते.

कुरिअर वजन पाहते तसे आकारमानही पाहते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये सहसा ५,००० ने भागतात. ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्याचे ७.२ किलो होतात, आत ड्राइव्ह तीन किलोचाच असला तरी. म्हणून खोका मापाचा असावा, पण कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत आणि कोपरे भरलेले असावेत. हायड्रॉलिक पंपात तेल राहिले असेल तर कुरिअरवाला माल परत करतो. लिथियम बॅटरी असेल तर विमानाचे वेगळे नियम लागतात. परदेशी पाठवायचे तर आयात-निर्यात कोड हवा. अमेरिकेला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी करमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये संपली, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकाला शुल्काची कल्पना आधीच द्यावी.

कायद्यालाही किलो आणि नग यांतला फरक कळतो. धातूचे भंगार म्हणून विकले तर ऑक्टोबर २०२४ पासूनचे नियम लागतात. विकणारा नोंदणीकृत नसेल आणि घेणारा असेल, तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा. तेच वापरलेली वस्तू म्हणून विकले, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलेल असे काम केले नसेल, तर नोंदणीकृत विक्रेत्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. कोणते बिल कसे करायचे हे सीएला विचारून आधीच ठरवावे. जुने संगणक, मॉनिटर, यूपीएस यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आहेत, त्यांची दुरुस्ती करून विकण्याचा धंदा करायचा तर नोंदणी लागते. आणि कागद नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. कारखान्याचे भंगार विक्रीचे बिल किंवा लिलावाचा डिलिव्हरी ऑर्डर प्रत्येक नगाच्या नोंदीला जोडून ठेवावा. चोरीचा एक ड्राइव्ह तुमच्या गाळ्यात सापडला, तर उरलेल्या शंभर नगांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अंबडच्या छोट्या कारखानदारांना एक विनंती आहे. मशीन भंगारात द्यायचे ठरले असेल, तर ते बंद करण्याआधी त्याचे पॅरामीटर उतरवून घ्या. जुन्या सीएनसी कंट्रोलमध्ये ते बॅटरीवर टिकतात. पॅनल काढून कोपऱ्यात ठेवले, बॅटरी संपली की ते पुसले जातात आणि चालते कंट्रोल न चालणाऱ्याच्या भावाला जाते. मग पॅनलचे दार उघडा, प्रत्येक नेमप्लेटचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, वायरी कापण्याऐवजी टर्मिनलपासून सोडवा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. गोणी आणि काटा त्यानंतर बोलवा.